खरूज आणि घराची साफसफाई

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या मेळाव्यात कोणत्या विषयावर बोलणार, असे चिटणीस साहेबांनी मला विचारले तेव्हा मी 'खरूज' असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर आपा, मंचावर पाहुणे असतील. आपण 'त्वचेचे आरोग्य' असे छापू या का?" मी म्हटले, छापा की, पण बोलणार मात्र खरजेवरच. त्यांचा संकोच मला समजतो. क्षय झाला, मधुमेह झाला, तर आता आपण चारचौघांत सांगतो. खरूज झाली की मात्र आई आधी दार लावून घेते. कारण आपल्या मनात एक समजूत पक्की बसली आहे की खरूज म्हणजे घाणेरडे घर, आणि घाणेरडे घर म्हणजे त्या घरातल्या बाईचा आळस.

या समजुतीमुळे दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे घरचे लोक रोग लपवतात. दुसरी म्हणजे घरातली बाई सगळे घर धुवायला काढते. गाद्या उसवते, भिंतींना चुना लावते, फिनेल ओतते, गोधड्या उकळते, आणि महिनाभर राबूनही मुलाच्या बोटांच्या बेचक्यांतली खाज जशीच्या तशी राहते. मग तिला वाटते, आपले धुणे कमी पडले. आज मला मुख्यतः या धुण्याविषयीच बोलायचे आहे. किती धुवावे, केव्हा धुवावे, आणि काय अजिबात धुवू नये.

त्यासाठी हा किडा कोण आहे आणि कुठे राहतो, ते आधी समजून घेतले पाहिजे. तो गोचिडीच्या जातकुळीतला, आठ पायांचा, अतिशय बारीक जीव आहे. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि नर तिच्या निम्मा. मादी आपल्या कातडीच्या अगदी वरच्या थरात आडवे बीळ करते, त्यात रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले मोठी होतात. याला पंख नाहीत आणि पिसवेसारखी उडी मारता येत नाही. तो फक्त रांगतो. म्हणूनच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला त्याला निवांत वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटे अंगाला अंग लागून राहावे लागते. एका अंथरुणात झोपणारी भावंडे, आजीच्या कुशीत झोपणारी नात, नवरा-बायको, आईच्या कडेवरचे मूल, हे त्याचे रस्ते आहेत. हात मिळवला, शेजारी बसून जेवण केले, एवढ्याने तो सहसा जात नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. अंगभर खाजवून बेजार झालेल्या माणसाच्या अंगावर हे किडे सहसा दहा-पंधराच असतात. खाज येते ती शरीराला त्या किड्याचे, त्याच्या अंड्यांचे आणि विष्ठेचे वावडे असते म्हणून. हे वावडे निर्माण व्हायलाही वेळ लागतो. पहिल्यांदा खरूज झाली की चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही, आणि त्या काळातही तो माणूस ती दुसऱ्याला देत असतो. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातले निम्मे यावरच उभे आहे.

आणि अंगावरून खाली पडलेला किडा? त्याला अन्न नाही, ऊब नाही. तो दोन ते तीन दिवसांत मरतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्याच्याही आधी. आपल्या कोकणातल्या आषाढ-श्रावणाच्या थंड, ओलसर हवेत थोडा जास्त तग धरतो, पण घर करून राहणे त्याला जमत नाही. ढेकूण भिंतीच्या फटीत राहतो आणि रात्री जेवायला येतो. खरजेच्या किड्याचे तसे नाही. त्याचे घर म्हणजे माणसाचे अंग. आपण धुतो ते दुसरेच घर.

ही माहिती काही आजची नाही. बाराव्या शतकात अंदलुसियातल्या सेव्हिल शहरी होऊन गेलेल्या इब्न झुहर या नामांकित हकिमाने, कातडीखाली रांगणारे आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक जीव असल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे १६८७ साली बोनोमो या इटालियन डॉक्टराने सूक्ष्मदर्शकाखाली या किड्याचे चित्र काढून तोच खरजेचे कारण असल्याचे सांगितले. तरी मोठमोठे वैद्य मानायला तयार नव्हते. रक्त बिघडले, पित्त खवळले, हेच चालू होते. शेवटी १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने सर्वांसमक्ष सुईच्या टोकाने कातडीतून किडा काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. हा रेनुची कॉर्सिका बेटावरचा होता, आणि ही युक्ती त्याने आपल्या गावच्या बायकांना करताना पाहिली होती. आया जे हाताने करत होत्या ते विद्वानांना पटायला दीडशे वर्षे लागली. माझ्या विद्यार्थिनींनी याची मनात नोंद करावी.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरी झाला. युद्धामुळे खरूज फार वाढली होती आणि सैनिकांच्या खाटा तिने अडवून ठेवल्या होत्या. सरकारचा समज आपल्यासारखाच होता की रोग कांबळ्यांतून आणि कपड्यांतून पसरतो. म्हणून सैन्याची हजारो कांबळी भट्टीत घालून निर्जंतुक करण्याचा मोठा खटाटोप चालला होता. केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने ठरवले की हे खरे आहे की नाही ते तपासू या. युद्धात शस्त्र हाती धरण्यास धर्माच्या किंवा विवेकाच्या कारणाने नकार दिलेले काही तरुण स्वेच्छेने पुढे आले. त्यांनी काय केले ऐका. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली अंतर्वस्त्रे आठवडाभर अंगात घातली. त्यांनी वापरलेल्या कांबळ्यांत उघड्या अंगाने झोपले. दिवस गेले, आठवडे गेले, आणि खरूज जवळजवळ कोणालाच झाली नाही. पुढे जेव्हा त्यांतले काही जण खरूज झालेल्या माणसाशेजारी एकाच बिछान्यात रात्री झोपले, तेव्हा मात्र ती झाली. आणि तीही लगेच नाही. खाज सुटायला महिना गेला. मेलनबीने रुग्णांच्या अंगावरच्या माद्या एकेक करून मोजल्या. सरासरी माणशी ११ भरल्या. १९४३ साली त्याचे या विषयावरचे पुस्तक निघाले. कांबळी भाजण्यात अर्थ नाही, माणसांवर नीट उपचार करा, हे त्याचे सांगणे होते.

आता त्या तरुणांची आठवण ठेवून आपल्या घरांकडे पाहू या.

माझ्याकडे एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन आल्या. नाव-गाव सांगत नाही. त्यांचे हात मी प्रथम पाहिले. सोडा आणि फिनेलने तळवे फाटले होते, भेगांतून रक्त येत होते. दीड महिना त्या रोज सगळे अंथरूण-पांघरूण धूत होत्या. गाव उंचावरचा, नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणजे निम्मे पाणी डोक्यावरून आणलेले. मुलांना मलम लावले होते, चार दिवस बरे वाटले, पुन्हा सुरू झाले. मी विचारले, घरात कोण कोण? त्या, दोन मुले, नवरा आणि सासूबाई. मलम कोणी कोणी लावले? फक्त मुलांनी. "त्यांना खाजच नाही," असे नवऱ्याविषयी उत्तर आले. सासूबाईंना विचारायचे धाडसच झाले नव्हते. धाकटी मुलगी दादीपाशी झोपत होती. पाचही जणांना एकाच रात्री औषध, आठवड्याने पुन्हा एकदा, आणि दोनच दिवसांचे धुणे, एवढ्यावर ते प्रकरण मिटले. दीड महिन्याच्या धुण्याने जे झाले नाही ते यात झाले. आणि धुण्याची ही सगळी शिक्षा घरातल्या एकाच माणसाने भोगली होती, हेही इथे बसलेल्या पुरुष मंडळींनी ध्यानात घ्यावे.

म्हणून साफसफाईच्या आधी औषधाची रात्र. घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावायचे. बापाने, दादीने, शिक्षणासाठी घरी राहिलेल्या भाच्याने, अंगावर बाळ खेळवणाऱ्या मोलकरणीनेही. आखातातून किंवा मुंबईहून रजेवर आलेला माणूस असेल तर त्याने तर अगत्याने. तिकडे एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण पथाऱ्या टाकून झोपतात, त्यात त्यांचा दोष नाही, पण खरूज त्यांच्याबरोबर घरी येऊ शकते आणि येऊन महिनाभर गप्प बसू शकते.

औषध कोणते हे तुमचे डॉक्टर सांगतील. हल्ली बहुधा परमेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम देतात. बेंझिल बेंझोएट हे जुने औषधही अजून चालते, पण ते चुरचुरते आणि मुलांसाठी पातळ करावे लागते. तान्ह्या बाळांना गंधकाचे मलम देता येते. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही आहेत, त्या वजनावर ठरतात आणि गरोदर बाईला किंवा पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला देत नाहीत. तेव्हा दुकानातून परस्पर आणू नयेत. मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, नुसते खाजते तिथे नव्हे. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, मनगट, काख, बेंबी, कमरेचा नाडीचा पट्टा, छातीखाली, जांघा, गुप्त भाग, पायांचे तळवे, काही सोडायचे नाही. मोठ्या माणसाला साधारण तीस ग्रॅमची एक नळी लागते. पाच माणसांत एक नळी पुरवली तर ती कोणालाच लागू पडत नाही. लहान बाळांना डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावतात, डोळे-तोंड सांभाळून.

हे आठ ते चौदा तास अंगावर राहिले पाहिजे. आपल्या घरांत इथे एक अडचण येते आणि ती कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. हात धुतले की हातांचे औषध गेले, आणि खरजेचे मुख्य ठाणे हातच. तेव्हा स्वयंपाक, जेवण, भांडी उरकून, इशाची नमाज झाल्यावर लावा. फजरला वुजू केला की हातांना आणि पायांना परत लावा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास आंघोळ करा. रात्री बाळाची बोटे तोंडात जात असतील तर हातांत स्वच्छ पायमोजे घाला. आठ दिवसांनी हेच सगळे पुन्हा करायचे. पहिल्या वेळी एखादे अंडे वाचले असेल तर त्यातले पिल्लू एव्हाना बाहेर आलेले असते, पण अजून अंडी घालण्याइतके मोठे झालेले नसते. दुसरी वेळ चुकवली तर पहिली फुकट जाऊ शकते.

आता घर. औषधाच्या दिवशी संध्याकाळी गेल्या तीन दिवसांत अंगाला लागलेले सगळे कापड एका ठिकाणी गोळा करा. तीनच दिवसांचे. त्याआधीपासून कपाटात किंवा पेटीत घडी करून ठेवलेल्या कपड्यांना हात लावायचे कारण नाही. त्यात किडा असलाच तर तो कधीच मेला. बिछान्यावर स्वच्छ चादर, उशीला स्वच्छ अभ्रा, अंगात धुतलेले कपडे, आणि झोपा. सकाळी आंघोळीनंतर पुन्हा धुतलेले कपडे घाला, रात्रीची चादर, अभ्रे, पांघरूण आणि कपडे त्या ढिगात टाका. आता त्या ढिगाचे दोन भाग करा.

एक भाग गरम पाण्यात जाणारा. चादरी, अभ्रे, टॉवेल, पंचे, लुंग्या, आतले कपडे, मुलांचे गणवेश, ओढण्या. यासाठी पाणी खळखळ उकळायची गरज नाही. पन्नास अंश उष्णतेत किडा आणि अंडी दहा मिनिटांत मरतात. हात घालून ठेववणार नाही इतके गरम पाणी म्हणजे तेवढे झाले. कपडे त्यात बुडवून काठीने खाली दाबा, पंधरा मिनिटे ठेवा, निवल्यावर नेहमीच्या साबणाने धुवा. मुलांना त्या बादलीपासून दूर ठेवा. खरजेने कोणी दगावत नाही, पण गरम पाण्याने भाजलेली मुले मी पाहिली आहेत. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत ही आपली जुनी तक्रार. दमट कपड्यांवरून कडक इस्त्री फिरवा, शिवणींवरून विशेष करून. कोळशाची असो वा विजेची, काम तेच करते.

दुसरा भाग न धुण्याचा. बुरखे, शेरवानी, कोट, लोकरी कपडे, कापडी बाहुल्या, जाड गोधड्या, रजया. हे सगळे प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि माळ्यावर टाका. तीन दिवस पुरे होतात. पावसाळ्यात मी आठवडा सांगते, म्हणजे शंकेला जागा राहत नाही. दिवस संपले की पिशवी सोडा, झटका, वापरा. ज्या गावात टँकरने पाणी येते तिथल्या भगिनींना मी हेच सांगते की शक्य तेवढे कापड या दुसऱ्या भागात घाला. किडा उपाशी मरतो, त्याला थेंबभर पाणी लागत नाही. आंघोळीसाठी आणि पिण्यासाठी ठेवलेले पाणी गोधडीवर घालवणे हा शहाणपणा नव्हे.

गादीचे काय, हा प्रश्न हमखास येतो. गादी उसवू नका, कापूस जाळू नका. बाहेर काढून दोन्ही बाजूंनी ऊन द्या, कुंच्याने झाडा, आणि जमल्यास तीन रात्री तिच्यावर झोपू नका, चटईवर झोपा. तेही जमत नसेल तर जाड स्वच्छ चादर अंथरून झोपा. भीती थोडीच आहे. कापडी सोफा आणि झोपाळ्यावरची गादी यांचेही तेच. घरातला मुसल्ला उन्हात टाकून तीन दिवस गुंडाळून ठेवा, तोवर दुसरा वापरा. फरशी नेहमीसारखी झाडा-पुसा. नखे मात्र सर्वांची त्याच दिवशी कापा, कारण खाजवताना किडे-अंडी नखांत अडकतात.

बाकी काही करायचे नाही. भांड्यांना काही नको, ताटे वेगळी काढायला नकोत. वह्या-पुस्तके, दप्तर, खिडक्या, भिंती, पडदे यांना हात लावू नका. घरात औषधाचा फवारा तर मारूच नका. ढेकूण-झुरळांची औषधे बिछान्यावर मारल्याने खरूज जात नाही, ती मुलांच्या श्वासात मात्र जातात. अंगाला रॉकेल लावणारे लोक अजून भेटतात. कातडी भाजते, पेट घेण्याचा धोका वेगळाच. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ करायला माझी हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. शेळ्या आणि मांजरे यांना घराबाहेर काढू नका. जनावरांच्या खरजेचा किडा वेगळा. तो आपल्याला चार दिवस खाजवील, पण माणसाच्या अंगात संसार थाटत नाही.

एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. फार म्हातारी माणसे, अंथरुणाला खिळलेली, अर्धांगवायूची, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती रोगाने वा औषधांनी खचली आहे, अशांना खरजेचा एक वेगळा प्रकार होतो. हातापायांवर जाड, करड्या खपल्या धरतात, आणि अनेकदा खाज नसते. घरचे म्हणतात, म्हातारपणाची कातडी. त्या खपल्यांत दहा-पंधरा नव्हे, हजारो, कधी लाखो किडे असतात, आणि गळून पडणारी प्रत्येक खपली किड्यांनी भरलेली असते. त्या घरी मी आतापर्यंत सांगितलेले हिशेब चालत नाहीत. तिथे चादर-कपडे रोज बदलायचे, खोली, खुर्ची आणि गादी रोज नीट झाडून ती धूळ बांधून टाकायची, सेवा करणाराने हातमोजे घालायचे, आणि उशीर न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे. गावात एकापाठोपाठ एक अशा अनेकांना पुन्हा पुन्हा खरूज होत असेल, तर कोणाच्या तरी घरी कोपऱ्यातल्या खाटेवर असे एखादे आजोबा किंवा दादी आहेत का, हे मी आधी विचारते.

औषध लावून झाले, कपडे धुऊन झाले, तरी खाज लगेच थांबत नाही. दोन ते चार आठवडे ती रेंगाळते, कारण मेलेले किडे कातडीत असतात आणि वावडे ओसरायला वेळ लागतो. इथेच घरातली बाई घाबरते आणि पुन्हा गाद्या बाहेर काढते, किंवा मुलाला रोज मलम चोपडत बसते. दोन्ही करू नका. नवे पुरळ उठत नसतील तर वाट पाहा. चार आठवड्यांनंतरही खाज असेल किंवा नवी बिळे दिसली तर परत दाखवा. आणि औषधाच्या दुकानात मिळणारी ती 'सर्व त्वचारोगांवर' म्हणून विकली जाणारी स्टेरॉइडची मिश्र मलमे आणू नका. त्यांनी दोन दिवस खाज थांबते, किडे मात्र सुखाने वाढतात, आणि पुढे डॉक्टरलाही रोग ओळखू येत नाही.

पू झाला असेल तर मात्र वाट पाहू नका. खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरतात, आणि त्यांतल्या एका जातीच्या जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे-तोंड सुजलेले दिसले, लघवी कमी किंवा चहासारखी लाल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सामान्य वाटणाऱ्या या रोगात खरी जोखीम कुठे असेल तर ती इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. कोणत्याही वेळी जगात वीस कोटींहून अधिक लोकांना ती असते असा अंदाज आहे. एवढी सगळी घरे आळशी बायकांचीच आहेत, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

शेवटी शाळेविषयी. पहिल्या रात्रीचे औषध झाले की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येऊ शकते. महिनाभर घरी ठेवण्याचे कारण नाही. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की मुलाचे हात पाहायचे असतील तर वर्गासमोर पाहू नका, बाजूला बोलवा आणि पालकांना बंद पाकिटात चिठ्ठी द्या. वसतिगृहात एकाला निघाली तर खोलीतल्या सर्वांना एकाच रात्री औषध, एकाच सकाळी चादरी बदलणे, आणि कोणापासून सुरू झाली याची चौकशी नाही. वसतिगृहातल्या एका मुलीने दोन महिने हात ओढणीखाली झाकून ठेवले. ती मैत्रिणींबरोबर जेवायला बसेना, प्रयोगशाळेत जाईना, आणि शेवटी शिक्षण सोडून घरी जाते म्हणाली. तिच्या खोलीतल्या तिघीही खाजवत होत्या. प्रत्येकीला वाटत होते की आपल्यालाच झाली आहे.

आता प्रश्न विचारायचे असतील तर मागच्या टेबलावर कागदाचे तुकडे ठेवले आहेत. प्रश्न लिहा, घडी करा आणि डब्यात टाका. नाव लिहू नका. चहा होईपर्यंत मी ते वाचून घेते, आणि नमाजेच्या आधी जेवढ्यांची उत्तरे देता येतील तेवढी देते. उरलेल्यांची उत्तरे शाळेच्या फलकावर लावू.